रेबेतिको: पोलिसांनी फोडलेली बुझुकी ते युनेस्कोची यादी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक धून आठवा. 'पल्प फिक्शन' सिनेमा सुरू होतो, नावं पडद्यावर येतात आणि मागे एक गिटार सुसाट सुटते, ती. सिनेमा पाहिला नसेल तर ब्लॅक आइड पीजचं 'पम्प इट' आठवा. त्यातही तीच धून आहे. रील्सवर तर तुम्ही ती शंभरदा ऐकली असेल.

धुनेचं नाव 'मिसिरलू'. सिनेमातली गिटार डिक डेलची, १९६२ ची. पण गाणं त्याचं नाही. १९२७ मध्येच न्यूयॉर्कमध्ये एका ग्रीक गायकाने ते रेकॉर्ड केलं होतं, आणि बरंच सावकाश. त्याच्याही आधी ते पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांतल्या कॅफेंमध्ये वाजत असणार, कारण पहिला कर्ता कोण ते कुणालाच सांगता येत नाही. गाणं ग्रीक, पण नाव तुर्की शब्दावरून आलेलं. अर्थ 'मिसरची', म्हणजे इजिप्तची मुलगी. आणि स्वर कुठले? कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध नी. गाणं शिकलेल्यांनी ओळखलं असेल, आपल्या भैरव थाटाचे स्वर! चलन अर्थात वेगळं, पण स्वर तेच.

तर आजचा विषय हे गाणं ज्या घरातून आलं ते घर. त्याचं नाव रेबेतिको. ग्रीसच्या बंदरांतल्या, झोपड्यांतल्या, तुरुंगांतल्या आणि चरसच्या अड्ड्यांवरच्या माणसांचं संगीत.

सुरुवातीलाच दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. १९३६ नंतर ग्रीसमध्ये हे संगीत वाजवणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडी पडायच्या आणि बुझुकी फोडल्या जायच्या. २०१७ मध्ये त्याच संगीताचं नाव युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. मध्ये साधारण ऐंशी वर्षं. या ऐंशी वर्षांत नक्की कोण बदललं? सरकार, समाज की संगीत? आजच्या भागात एवढंच बघायचंय.

जळालेलं शहर

गोष्ट सुरू होते स्मिर्नाहून. आजचं इझमीर, तुर्कस्तानात. ऑटोमन साम्राज्याचं श्रीमंत बंदर. ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, युरोपीय व्यापारी, सगळे एकाच शहरात. तिथे 'कॅफे अमान' नावाच्या जागा होत्या. गायक लांब, आळवून गायचे आणि मधे मधे 'अमान, अमान' म्हणायचे. म्हणजे 'दया करा हो'. आपण शांतता या अर्थाने 'अमन' म्हणतो ना, त्याच अरबी घरातला शब्द. साथीला व्हायोलिन, ऊद आणि सांतूरी. हो, आपल्या संतूरची बहीणच.

१९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नात उतरलं, युद्ध पेटलं, १९२२ मध्ये ग्रीस हरला. सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्य शहरात आलं आणि काही दिवसांतच ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून खाक झाल्या. लोक धक्क्यावर उभे, मागे आग, पुढे समुद्र. १९२३ मध्ये लोझानला करार झाला की दोन्ही देशांनी लोकसंख्येची अदलाबदल करायची. आपल्या फाळणीच्या चोवीस वर्षं आधीची ही गोष्ट. इथे तर कायद्यानेच सक्ती.

आणि अदलाबदलीची कसोटी काय, तर धर्म. भाषा नाही. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानला. म्हणजे 'आपल्या' देशात पोचल्यावर शेजाऱ्याशी बोलताच येईना, अशी कितीतरी माणसं. ग्रीसच्या १९२८ च्या जनगणनेत साधारण ६२ लाख लोकसंख्येत १२ लाखांवर निर्वासित होते. पाच माणसांत एक! विचार करा, तुमच्या बसमध्ये दर पाचवा माणूस घर सोडून आलेला.

हे लोक अथेन्सच्या भोवती आणि पिरेअस बंदराच्या कडेला पत्रे-लाकडाच्या खोपट्यांत राहिले. मूळच्या ग्रीकांना ते अर्धे तुर्क वाटायचे. काही कलाकारांनी येताना वाद्यं आणली, काहींनी नुसती गाणी. आणि शब्दही आणले. रेबेतिकोच्या गाण्यांत हे शब्द ऐका: 'देर्ती', म्हणजे दर्द. 'दुनियास', म्हणजे दुनिया. 'हाली', म्हणजे वाईट अवस्था, आपण 'हाल झाले' म्हणतो ना तसंच. फारसी-अरबीतून तुर्कीत आणि तुर्कीतून ग्रीकमध्ये. तेच शब्द दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आले. मी पहिल्यांदा गाण्यात 'दुनियास' ऐकलं तेव्हा गाणं मागे घेऊन पुन्हा ऐकलं होतं.

सत्तूर आणि बुझुकी

पिरेअसमध्ये निर्वासित यायच्या आधीपासून एक वेगळी जमात होती. त्यांना म्हणायचे 'मांगेस'. बंदरातले हमाल, छोटे चोर, बेकार, तुरुंगातून सुटलेले. कोटाची एकच बाही घालून दुसरी लोंबकळत ठेवायची, चालही ठरलेली, बोलीही वेगळी. संध्याकाळी जमायचं ते 'तेके'मध्ये. तेके म्हणजे चरसचा अड्डा. मध्ये हुक्का, आणि कोपऱ्यात कुणीतरी बुझुकी छेडतोय. बुझुकी म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, सतारीसारखे पडदे असलेलं. तिची धाकटी बहीण 'बाग्लामास', इतकी लहान की कोटाखाली लपवता येते. तुरुंगात हीच चालायची.

इथे येतो या गोष्टीतला मुख्य माणूस, मार्कोस वाम्वाकारिस. जन्म १९०५, सिरोस बेटावर, गरीब कॅथलिक घरात. ग्रीस बहुतांश ऑर्थोडॉक्स, त्यामुळे कॅथलिकांना तिथे 'फ्रांगोस' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो? आपला 'फिरंगी' त्याच मुळाचा. वसईच्या पोर्तुगीजांना मराठे फिरंगी म्हणायचे आणि सिरोसच्या कॅथलिकाला ग्रीक फ्रांगोस. मार्कोसचं सगळ्यात गाजलेलं गाणं, १९३५ चं 'फ्रांगोसिरियानी', म्हणजे सिरोसची फिरंगी पोरगी. आज ग्रीसमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

मार्कोस पोरवयात घर सोडून पिरेअसला आला. कोळशाची हमाली केली, मग खाटीकखान्यात काम. एक दिवस त्याने एका माणसाला बुझुकी वाजवताना ऐकलं आणि हलला. आत्मचरित्रात तो सांगतो, की त्याने शपथ घेतली: हे वाद्य शिकलो नाही तर दुकानातल्या सत्तूरने स्वतःचा हात तोडीन. सहा महिन्यांनी त्याच वादकाने त्याला ऐकलं आणि चाट पडला. सहा महिने! आपण ऑनलाइन कोर्स घेतो आणि तिसऱ्या व्हिडिओवर सोडून देतो.

१९३४ च्या सुमाराला चौघांनी मिळून एक चमू केला: मार्कोस, योर्गोस बातिस, स्त्रातोस पायुमजीस आणि आनेस्तिस देलियास. पहिले तिघे पिरेअसच्या गल्लीबोळांतले. चौथा, देलियास, स्मिर्नात जन्मलेला, सांतूरी वाजवणाऱ्याचा मुलगा. म्हणजे बंदर आणि निर्वासित एकाच बाकावर बसले. रेबेतिको म्हणतात तो हा संगम.

ताल सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मांडीवर थाप मारत मोजा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. नऊ मात्रा. हा 'झेइबेकिको'. सावकाश चालतो, शेवटच्या तीनवर तोल जातो आणि सावरतो. नाचणारा एकटा. बाकीचे भोवती बसून टाळ्या देतात, मधे कुणी घुसायचं नाही. दुसरा ताल 'हासापिको', चारचा, खांद्याला खांदा लावून. नाव तुर्की 'कसाप'वरून, म्हणजे आपला कसाई. खाटकांचा नाच.

तीन मिनिटांची तबकडी

तुम्ही म्हणाल, अड्ड्यावरचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं कसं? रेकॉर्ड कंपन्यांमुळे. आपल्याकडे ज्या एचएमव्हीच्या तबकड्या फिरायच्या, त्याच उद्योगाने १९३० मध्ये अथेन्समध्ये कारखाना उभा केला. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. त्यामुळे रात्रभर चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवायला लागलं. आणि 'रेबेतिको' हा शब्दसुद्धा तबकडीवरच्या चिठ्ठीवर १९१० च्या दशकातच दिसतो, तोही अड्ड्याशी फारसा संबंध नसलेल्या गाण्यांवर. मी कामात रोज डेटाबेसमध्ये टॅग लावतो, त्यामुळे हे वाचून हसलो. माल विकायला कुणीतरी टॅग लावला आणि पुढे लोक त्या टॅगवरच भांडत बसले.

या काळात एक बाई होती जिच्याशिवाय गोष्ट अपुरी राहील. रोझा एस्केनाझी. इस्तंबूलच्या ज्यू घरातली, थेसालोनिकीत वाढलेली, ग्रीक, तुर्की आणि स्पॅनिश ज्यूंची लादिनो भाषा गाणारी. १९३० च्या दशकात तिने शेकडो गाणी रेकॉर्ड केली. जर्मन ताब्याच्या काळात थेसालोनिकीचे बहुतेक ज्यू आउश्वित्झला पाठवले गेले. रोझा खोट्या बाप्तिस्म्याच्या कागदावर अथेन्समध्ये राहिली, तिने लोकांना लपवलं, पकडली गेली, तुरुंगात गेली आणि वाचली. १९८० पर्यंत जगली. तिच्या आवाजात स्मिर्नाचा कॅफे अजून ऐकू येतो.

साफसफाई

आता धाडींकडे. ऑगस्ट १९३६ मध्ये योआनिस मेताक्सासने हुकूमशाही आणली. त्याला नवा, स्वच्छ, युरोपीय ग्रीस हवा होता. मग नियम आला: गाणं रेकॉर्ड करण्याआधी ते तपासायला द्यायचं. चरस, अड्डा, तुरुंग, हुक्का, सगळं बाद. आणि नुसते शब्द नाही, 'अमान'ची ती पौर्वात्य आळवणीही बाद. का? तर तुर्की वाटते म्हणून.

गंमत म्हणजे, पलीकडे तुर्कस्तानात १९३४ मध्ये रेडिओवर ऑटोमन शास्त्रीय संगीताला बंदी घातली गेली. का? तर नव्या, युरोपीय तुर्कस्तानाला ते शोभत नाही म्हणून! एका बाजूला 'फार तुर्की', दुसऱ्या बाजूला 'फार जुनं'. दोन शत्रू देश एकाच संगीतावर नाक मुरडत होते.

नुकसान कुणाचं झालं ते नीट बघा. ऊद आणि व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे दोन स्वरांच्या मधल्या जागा वाजवता येतात. बुझुकीला पडदे पक्के, तिथे त्या जागा मिळत नाहीत. आपल्याकडे पेटीवर हाच आक्षेप होता, ऑल इंडिया रेडिओवर पेटी कितीतरी वर्षं बंद होती. ग्रीसमध्ये 'अमान' मागे पडलं, बुझुकी पुढे आली आणि स्मिर्नाच्या त्या मधल्या जागा तबकड्यांवरून हळूहळू नाहीशा झाल्या. कायद्यात 'या श्रुती बंद' असं कुणी लिहिलं नव्हतं. पण झालं तेच.

बाग्लामास कोटाखाली गेली. काही कलाकार थेसालोनिकीला सरकले, कारण तिथल्या पोलीस प्रमुखालाच हे संगीत आवडायचं. मार्कोसने शब्द बदलले आणि वाजवत राहिला. पोट तर भरायचं होतं.

ढगाळ रविवार

याच सुमाराला त्रिकाला गावचा एक मुलगा वकिली शिकायला अथेन्सला आला आणि बुझुकीच घेऊन बसला. वासिलिस त्सित्सानिस. त्याने चरस सोडून प्रेम, विरह, गरिबी यांवर गाणी केली, चाली गोड, सगळ्यांना गुणगुणता येतील अशा. तपासनीस खूष, मध्यमवर्गही हळूहळू खूष. त्याला दोष देऊ नका, माणूस मोठा होता. १९४१ ला जर्मन आले, पहिल्याच हिवाळ्यात अथेन्समध्ये भुकेने माणसं रस्त्यावर मेली, रेकॉर्ड कारखाना बंद पडला. त्या काळात मनात आलेलं त्याचं 'सिनेफियास्मेनी किरियाकी', म्हणजे 'ढगाळ रविवार', १९४८ मध्ये तबकडीवर आलं. आज ते ग्रीसचं जणू दुसरं राष्ट्रगीत आहे.

आणि देलियास? चौघांतला सगळ्यात धाकटा, स्मिर्नाचा पोरगा. त्याला गर्दचं व्यसन लागलं. गर्दुल्ल्याच्या यातनांवर त्याने स्वतःच गाणं केलं होतं. १९४४ मध्ये तो अथेन्सच्या रस्त्यावर मेलेला सापडला. वय बत्तीसच्या आसपास.

इथे थांबतो, कारण कुणीतरी विचारणार: मग सरकार बरोबरच होतं ना? चरस-गर्दची गाणी बंद केली, त्यात वाईट काय? प्रश्न रास्त आहे. तेकेमध्ये काही रम्य नव्हतं, देलियासच्या मरणात तर नाहीच. पण बघा, बंदी घातली गाण्यावर. खोपटी तशीच राहिली, बेकारी तशीच, आणि गर्द देलियासपर्यंत पोचलंच. गाणं बंद केल्याने व्यसन थांबलं नाही. व्यसनी माणूस आतून काय भोगतो ते सांगणारी वाट मात्र बंद झाली.

मान मिळाला, पण कधी?

युद्धानंतर यादवी. उजव्यांना रेबेतिको तुर्की आणि गुंडांचं वाटायचं, डाव्यांतल्या बऱ्याच जणांना नशेबाज आणि निराशावादी. दोन्हीकडून शिव्या. सोतिरिया बेल्लू ही गायिका जर्मनांविरुद्धच्या चळवळीत होती. १९४८ मध्ये ती त्सित्सानिसबरोबर एका ठिकाणी गात असताना उजव्या टोळीच्या लोकांनी त्यांच्या पसंतीचं गाणं म्हण म्हणून सांगितलं. ती नाही म्हणाली. तिला मारहाण झाली. बाकावर बसलेल्या साथीदारांपैकी कुणीही उठलं नाही, याचं दुःख तिला माराहून जास्त झालं.

आणि मग जानेवारी १९४९. मानोस हाजिदाकिस नावाचा तेवीस वर्षांचा संगीतकार अथेन्सच्या एका थिएटरात सभ्य लोकांसमोर रेबेतिकोवर भाषण देतो. म्हणतो, हे आपलंच आहे, याची मुळं बायझंटाइन चर्चसंगीतात आणि लोकगीतांत आहेत. आणि सोबत कुणाला आणतो? मार्कोसला आणि बेल्लूला. खाटीकखान्यातला मार्कोस आणि काही महिन्यांपूर्वी मार खाल्लेली बेल्लू. लोक हादरले. पुढे याच हाजिदाकिसला 'नेव्हर ऑन संडे'च्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि बुझुकी जगभर ग्रीसची ओळख झाली. १९६० मध्ये मिकिस थिओदोराकिसने यानिस रित्सोसच्या कवितेला बुझुकीची साथ दिली. १९६४ ला 'झोर्बा द ग्रीक' आला. टूरिस्ट टाळ्या वाजवायला लागले.

आणि मार्कोस? पन्नासच्या दशकात त्याची बोटं सांधेदुखीने आखडली होती, काम मिळत नव्हतं, पैशांचे हाल होते. १९६० च्या सुमाराला त्याची गाणी पुन्हा रेकॉर्ड झाली, नव्या पोरांनी त्याला शोधून काढलं, शेवटची काही वर्षं बरी गेली. १९७२ मध्ये तो गेला. तेव्हा ग्रीसमध्ये पुन्हा लष्करी राजवट होती. १९६८ मध्ये इलियास पेत्रोपुलोसने रेबेतिकोच्या गाण्यांचं जाडजूड पुस्तक परवानगीशिवाय काढलं म्हणून तो तुरुंगात गेला. आणि कॉलेजची मुलं? ती नेमकी हीच जुनी तबकडी शोधत होती, चरसवालीसुद्धा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. कोण बदललं? माझं मत सांगतो. संगीताला मान मिळाला, पण बराचसा मान साफसूफ झालेल्या रूपाला मिळाला. हाजिदाकिसलाही बायझंटाइन मुळं दाखवावी लागली. 'हे गरीब, बेघर, अर्धे तुर्क समजले जाणाऱ्या लोकांचं आहे आणि म्हणून मोलाचं आहे' एवढं म्हणून त्या सभागृहात भागलं नसतं. वारशाच्या यादीत नाव येणं चांगलंच. पण यादी आली तेव्हा धाडी झेललेले बहुतेक जण मातीत होते. जिवंत असताना त्यांना हवी होती ती साधी गोष्ट: वाजवू द्या आणि वाजवल्याचे पैसे द्या.

म्हणून माझी एकच विनंती. तुमच्या ॲपवर 'ग्रीक टॅव्हर्ना' प्लेलिस्ट आधी लावू नका, अल्गोरिदम तीच पुढे करेल. हा क्रम घ्या. आधी रोझा एस्केनाझी, १९३० च्या दशकातली कुठलीही 'अमान' असलेली रेकॉर्ड. मग मार्कोसचं 'फ्रांगोसिरियानी', मूळ १९३५ चं, खरखरीसकट. मग आनेस्तिस देलियासचं काहीही. मग 'ढगाळ रविवार', बेल्लूच्या आवाजात. आणि सगळ्यात शेवटी 'मिसिरलू', आधी सावकाश जुनं, मग डिक डेलचं. ऐकताना दर वेळी शोधा, आधीच्या गाण्यातलं काय या गाण्यात उरलं नाही.

आणि तुमच्या शहरात, तुमच्या स्टेशनबाहेर, आज कोण वाजवतंय ज्याच्यावर लोक नाक मुरडतात, तेही मला लिहून पाठवा. खाली कमेंट उघडी आहे. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा. नऊ मात्रा विसरू नका: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन.